धुताना पेशी सुटतात, आयसी-५० दर वेळी वेगळी येते: आधी प्लेटचा तळ बघा

एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्या दिसल्या, म्हणून औषध घातलं. चौथ्या दिवशी एमटीटीसाठी (जिवंत पेशी रंगावरून मोजायच्या चाचणीसाठी) मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, काढायला पिपेट लावला, तर पेशींचा थर दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन टिपमध्ये आला. काही वेल भरलेल्या, काही निम्म्या, काही साफ रिकाम्या. तशाही स्थितीत वाचन घेतलं की आयसी-५०, म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा, एका आठवड्यात एक येते आणि पुढच्या आठवड्यात तिच्या तिप्पट. औषध तेच, हातही तोच.

ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की मी आता पहिला प्रश्न औषधाबद्दल विचारतच नाही. प्लेटची पेटी कुठे आहे, असं विचारते. बहुतेक वेळा पेटी फेकून दिलेली असते.

आमच्याकडे हे प्रकरण दोन महिने चाललं होतं. ज्युनिअर मुलगी रोज सकाळी इन्क्युबेटर उघडायची आणि तिथूनच ओरडायची, "ताई, सेल्स परत उठल्या!" आम्ही औषधाचा नवा साठा बनवला, औषध विरघळवायचा डीएमएसओ बदलला, सीरमचा लॉट बदलला, मायकोप्लाझ्मा या लपून राहणाऱ्या जिवाणूसाठी पीसीआर चाचणी दोनदा केली. सगळं ठीक निघालं. मग मुलीच्या हातावर संशय घेतला. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि ती देणाऱ्यांत मीही होते.

खरं कारण कपाटात होतं. ३१ मार्चच्या आत बजेट संपवायच्या घाईत प्लेट्सच्या दोन पेट्या आल्या होत्या. एक नेहमीची, पेशी वाढवायला प्रक्रिया केलेली. दुसरी प्रक्रिया न केलेली. ऑर्डर देताना एक अक्षर चुकलं होतं, चूक आमचीच. जागा वाचावी म्हणून कुणीतरी दोन्ही पेट्या फोडून सुट्या पाकिटांतल्या प्लेट्स एकाच कप्प्यात रचल्या. दिसायला दोन्ही सारख्याच, पारदर्शक आणि निर्जंतुक. एका प्रयोगातल्या तीन प्लेट्सपैकी दोन एका जातीच्या आणि एक दुसऱ्या जातीची, असं होत होतं. मग आकडे जुळणार कसे?

पाण्याचा थेंब टाकून बघा

संशय आला की एका प्लेटचा बळी द्या. पाच मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी वेलच्या तळाच्या मधोमध सोडा आणि प्लेट डोळ्यांच्या पातळीवर धरून आडवं बघा. प्रक्रिया केलेल्या तळावर थेंब बसका होतो, पसरतो. प्रक्रिया न केलेल्या साध्या पॉलिस्टायरीनवर तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा फुगून उभा राहतो. वेल अरुंद असल्याने नीट दिसत नसेल तर त्याच जातीची सहा वेलची प्लेट किंवा डिश घ्या, फरक लगेच कळतो. शेजारी खात्रीची जुनी प्लेट ठेवायला विसरू नका. तुलनेला काही नसलं की डोळा हवं ते बघतो.

पॉलिस्टायरीन मुळात पाण्याला दूर ठेवणारं प्लास्टिक. कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर कोरोना डिस्चार्ज किंवा प्लाझ्मा सोडतात. त्याने वरच्या अगदी पातळ थरात ऑक्सिजन असलेले गट तयार होतात, हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल वगैरे. तळ पाण्याशी मिळतंजुळतं घेतो आणि त्यावर थोडा ऋण विद्युतभार येतो. पाकिटावरच्या 'टिश्यू कल्चर ट्रीटेड' या तीन शब्दांमागे एवढंच आहे. जिवाणूंसाठीच्या साध्या पेट्री डिशवर ही प्रक्रिया नसते, म्हणून ती स्वस्त.

पण एक गैरसमज इथेच काढायला हवा. पेशी प्लास्टिकला चिकटत नाही. ती प्लास्टिकवर बसलेल्या प्रथिनांना चिकटते. मीडियम ओतल्यावर सीरममधली प्रथिनं पेशीच्या कितीतरी आधी तळावर पोचतात. त्यातलं व्हिट्रोनेक्टिन सगळ्यात महत्त्वाचं आणि त्याच्या जोडीला फायब्रोनेक्टिन. पेशीच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे ग्राहक (रिसेप्टर) या प्रथिनांमधला ठरावीक तुकडा ओळखून धरतात. मग पेशीच्या आत टॅलिन, व्हिन्क्युलिन, एफएके ही प्रथिनांची मंडळी जमतात आणि पेशी पसरते. साध्या पॉलिस्टायरीनवरही प्रथिनं बसतातच, उलट घट्ट बसतात. फक्त तिथे सीरममध्ये भरमसाट असलेलं अल्ब्युमिन जागा अडवून बसतं, आणि धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना नीट जागा मिळत नाही. गणपतीच्या दिवसांतल्या लोकलसारखं: चढायचं ज्यांना खरंच गरजेचं, ते फलाटावरच राहतात.

यातून एक उपप्रश्नही सुटतो. सीरम नसलेल्या मीडियममध्ये पेशी टाकून "बसतच नाहीत" म्हणणारे बरेच भेटतात. बसतील कशावर? आधी सीरममध्ये बसू द्या, मग मीडियम बदला, नाहीतर तळाला कोटिंग द्या.

मग पीसी-३ का बसल्या?

आमची खरी दिशाभूल इथे झाली. त्याच कप्प्यातल्या प्लेट्सवर शेजारचा मुलगा पीसी-३ या दुसऱ्या पेशी वाढवत होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. म्हणजे प्लेट चांगली, पेशी वाईट, असं आम्ही ठरवून टाकलं. नंतर कळलं की त्याच्या पेशी साध्या प्लेटवर कमी पसरत होत्या, पण तग धरत होत्या.

पीसी-३ ही प्रोस्टेट कर्करोगाच्या हाडातल्या गाठीपासून आलेली, त्याच कर्करोगाची डीयू-१४५ मेंदूतल्या गाठीपासून आलेली. दोन्ही चिवट. एलएनकॅप १९७७ मध्ये एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीतल्या गाठीतून काढली, आणि नावातलं 'एलएन' त्या ग्रंथीचंच. ती अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देते, पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन बनवते, म्हणूनच संशोधकांना हवीहवीशी. पण प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकवरही ती हलकेच टेकलेली असते. एकसंध चादर करत नाही, पुंजके करते, आणि पुंजका कडेने उचलला गेला की सगळाच उठतो. शिवाय मीडियम लवकर पिवळा पडतो, तो बदलायला आपण हात घालतो, आणि हात घातला की पेशी सुटतात. एलएनकॅप पॅसेज केल्यावर (नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यावर) निदान ४८ तास फ्लास्कला हात लावू नका. रोज काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय असेल तर ती याच पेशींपुरती सोडा.

म्हणजे एलएनकॅप तळाबाबतीत सगळ्यात नाजूक साक्षीदार आहे. तळात थोडी खोट असली की ती आधी बोलते. यकृताच्या हेपजी२, मोठ्या आतड्याच्या कोलो-२०५ या पेशींबाबतही थोडंफार असंच. कोलो-२०५ मध्ये तर काही पेशी तळावर आणि काही तरंगत, हाच तिचा स्वभाव. तिथे तरंगणाऱ्या पेशी मेलेल्या समजून ओतून दिल्या की निम्मी वसाहत गटारात जाते. सेल लाइन जिवंत फ्लास्कमध्ये मागवली असेल तर तेव्हाही हेच लक्षात ठेवा: प्रवासात सुटलेल्या पेशी फेकू नका, सेंट्रिफ्यूज करून परत टाका, बऱ्याच पुन्हा बसतात.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय

शोधायला एक दिवसाचा प्रयोग पुरतो. एकाच फ्लास्कमधून, एकाच मोजणीतून पेशी घ्या आणि तीन तळांवर सारख्या घनतेने टाका: खात्रीची जुनी प्लेट, संशयित प्लेट, आणि संशयित प्लेटच्याच काही वेल पॉलिलायसीनचं कोटिंग देऊन. चार तासांनी आणि २४ तासांनी मीडियम हलकेच काढून तळावर राहिलेल्या पेशी मोजा. काढलेल्या मीडियममधल्या पेशीही ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून मोजा, ही पायरी लोक टाळतात. तरंगणाऱ्या पेशी जिवंत असतील तर त्या मेल्यामुळे सुटलेल्या नाहीत, बसल्याच नाहीत.

जुन्या प्लेटवर बसल्या, संशयित प्लेटवर नाही, कोटिंगवर पुन्हा बसल्या: दोष तळाचा, शोध संपला. तिन्हीवर बसल्या नाहीत आणि तरंगणाऱ्या बहुतेक निळ्या पडल्या: पेशींचं काहीतरी बिनसलंय. तिन्हीवर बसल्या नाहीत, पण तरंगणाऱ्या जिवंत आहेत: ट्रिप्सिनकडे, म्हणजे फ्लास्कमधून पेशी सोडवायच्या विकराकडे बघा. जास्त वेळ ठेवलेलं ट्रिप्सिन इंटिग्रिनच कुरतडून टाकतं, मग पेशीला पकडायला हातच उरत नाहीत. ते नव्याने बनवायला तिला काही तास लागतात. एलएनकॅपला ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए एक-दोन मिनिटं पुरतं. फ्लास्क थोपटून बघा, सुटायला लागल्या की लगेच सीरम असलेला मीडियम घाला. फोन आला म्हणून फ्लास्क पाच मिनिटं तसाच राहिला, तर ती खेप औषधाच्या प्रयोगाला वापरू नका.

तिन्हीवर सुरुवातीला बसल्या आणि धुताना सुटल्या, तर धुण्याचा द्रव तपासा. इंटिग्रिनला पकड ठेवायला मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं. फ्रिजमधून काढलेला, हे क्षार नसलेला पीबीएस (धुण्याचा बफर) ओतणं म्हणजे पेशींना सुटायचं आमंत्रणच. क्षार असलेला, ३७ अंशांपर्यंत गरम केलेला पीबीएस घ्या आणि वेलच्या भिंतीवरून सोडा. हा एवढा बदल करून निम्म्या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

कोटिंग करायचं तर

नाजूक पेशींसाठी मी पॉलि-डी-लायसीन वापरते. एल प्रकारही चालतो, पण डी प्रकार पेशींच्या प्रथिनभंजक विकरांना दाद देत नाही, म्हणून लांबच्या प्रयोगात टिकतो. ०.०१ टक्के द्रावण, प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर, तासभर. मग काढून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा आणि झाकण तिरकं ठेवून हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) सुकवा. धुण्यात कंजुषी नको. तळाला न चिकटलेलं मोकळं पॉलिलायसीन पेशींना विषारी असतं. ते राहिलं तर पेशी छान बसतात आणि दुसऱ्या दिवशी दाणेदार होऊन मरतात. मग परत औषधाला दोष.

कोलॅजन-१ हवं असेल तर उंदराच्या शेपटीचं कोलॅजन ०.०२ नॉर्मल ऍसिटिक आम्लात ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर करा. ९६ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचा तळ साधारण ०.३२ चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रोलिटर घातलं की अडीच मायक्रोग्रॅम जातं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला आठच्या आसपास. नेहमी वापरतात ते ५ ते १० मध्ये बसतं. तासाभराने काढून पीबीएसने आम्ल पूर्ण धुवा. फायब्रोनेक्टिन वापरत असाल तर वितळताना व्होर्टेक्स करू (यंत्रावर घुसळू) नका, धागे होतात आणि महागडं प्रथिन वाया जातं.

दोन्हीत एक फरक आहे. पॉलिलायसीन पेशीला विद्युतभाराने धरतं: पेशीचं अंग ऋण, लायसीन धन. कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिन पेशीशी इंटिग्रिनमार्फत बोलतं आणि तिला आत निरोप पाठवतं. म्हणजे हे निव्वळ गोंद नव्हेत. अर्ध्या प्रयोगात लायसीन आणि अर्ध्या प्रयोगात कोलॅजन, असं चालणार नाही. जे निवडाल ते प्रबंध लिहून होईपर्यंत.

एमटीटीचा सापळा

समजा पेशी तळावरून सुटल्या पण जिवंत आहेत. एमटीटीत जांभळे फॉर्माझानचे स्फटिक पेशीच्या आत होतात, मग मीडियम काढून टाकून डीएमएसओ घालायचा असतो. मीडियमबरोबर सुटलेल्या पेशी, त्यांच्या पोटातल्या स्फटिकांसकट, गेल्या. यंत्र म्हणतं, पेशी मेल्या. ज्या वेलमध्ये औषधाने पेशी थोड्या आकसल्या, तिथे त्या जास्त सुटतात, त्यामुळे वक्रही अगदी खरा वाटावा असा सुबक येतो! म्हणून हा दोष इतके दिवस लपतो.

इथे मीडियम काढावा लागणार नाही अशी पद्धत घ्या. डब्ल्यूएसटी-८ किंवा रेसाझुरिन सरळ वेलमध्ये घालून वाचता येतं, एटीपीवर आधारित किटही तसंच. एमटीटीच करायचं असेल तर मीडियम काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूज करा किंवा मीडियम न काढता एसडीएस असलेलं विद्रावक घाला. दोन पद्धतींचे आकडे फार वेगळे आले, तर पेशी सुटत असल्याचा तो पुरावा समजा.

जाता जाता: पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या मधोमध गोळा होतात. पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे हलवा, हूडमध्ये सपाट जागी १५-२० मिनिटं ठेवा आणि मग इन्क्युबेटरमध्ये न्या. कडेच्या वेलमध्ये बाष्पीभवन जास्त होतं, तिथे पेशी न टाकता पीबीएस भरा.

पेशी बसल्या, तरी आकडा वेगळा

तळ बदलून पेशी मस्त चिकटल्या, आणि तरीही जुन्या आकड्यांशी मेळ नाही, असंही होतं. तेव्हा घाबरू नका, ही बिघाडाची खूण नसेल. १९९९ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या आरपीएमआय-८२२६ पेशींवर दाखवलं गेलं की फायब्रोनेक्टिनला चिकटलेल्या पेशी डॉक्सोरुबिसिन आणि मेल्फालन या औषधांना तरंगणाऱ्या पेशींपेक्षा कमी दाद देतात. पेशी त्याच, जनुकं तीच, फक्त पायाखाली काय आहे ते बदललं. म्हणजे कोटिंग बदललं की नियंत्रण वक्र पुन्हा काढायचा. जुन्या प्लेटवरचा नियंत्रण वक्र आणि नव्या प्लेटवरचं औषध एकाच आलेखात काढलेलं मी एका पोस्टरवर पाहिलंय. लेखक शांतपणे चहा पीत उभे होते.

चिकटण्याइतकाच कडकपणाही महत्त्वाचा. निरोगी स्तनाची ऊती काही शे पास्कलची, स्तनाची गाठ काही हजार पास्कलची, आणि आपलं पॉलिस्टायरीन अब्जांच्या घरात. खरवसावर वाढलेल्या पेशी आपण पाट्यावर आणून ठेवतो आणि त्यांनी तसंच वागावं अशी अपेक्षा करतो. कडक तळावर पेशी ताणून पसरतात, त्यांच्यातलं वायएपी हे प्रथिन केंद्रकात जातं, वाढीची जनुकं जागी होतात. मऊ जेलवर तीच पेशी गोल राहते, वेगळी वागते. ज्यूडा फोकमन आणि ऍन मोस्कोना यांनी १९७८ मध्ये डिशवर पॉलिहेमा नावाच्या प्लास्टिकचे कमीजास्त जाड थर देऊन पेशी किती पसरतील ते ठरवलं. साध्या पेशी जितक्या कमी पसरल्या, तितकं त्यांचं डीएनए बनवणं मंदावलं. कर्करोगाच्या पेशींची गंमत हीच की त्या या नियमाला बऱ्याचदा जुमानत नाहीत. आगार नावाच्या मऊ जेलमध्ये आधाराशिवाय वसाहती करणं ही म्हणूनच त्यांची ओळखपरीक्षा झाली.

इथे एक चूक हमखास होते. कोलॅजनचं पातळ कोटिंग दिलं म्हणजे तळ मऊ झाला, असं समजतात. नाही झाला. त्या काही नॅनोमीटरच्या थराखाली पेशीला प्लास्टिकच जाणवतं. मऊ तळ हवा तर जाड जेल लागतं, पॉलिऍक्रिलमाइडचं, कोलॅजनचं किंवा मॅट्रिजेलचं. मॅट्रिजेल उंदराच्या एका सार्कोमातून काढतात, त्यामुळे लॉटनुसार बदलतं. लॉट क्रमांक लिहून ठेवा. रात्रभर फ्रिजमध्ये बर्फात वितळवा, टिप्सही गार करा. खोलीच्या तापमानाला ते आळायला लागतं, आणि मे महिन्यातली आमची खोली म्हणजे काही विचारू नका.

'खरी' परिस्थिती म्हणून प्रत्येक प्रयोग त्रिमितीय करा, असा हल्ली आग्रह असतो. मला तो पटत नाही. शंभर संयुगं चाळायची असतील तर सपाट प्लास्टिक ठीक आहे, फक्त ते सपाट प्लास्टिक आहे हे लक्षात ठेवून निष्कर्ष लिहा. ज्यातून पुढे जायचंय ती चार-पाच संयुगं जेलमध्ये किंवा पेशींच्या त्रिमितीय गोळ्यांवर तपासा.

१९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीचे तुकडे फिरत्या काचनळ्यांत कोंबडीच्या रक्तद्रवाच्या गुठळीवर बसवले आणि हेला ही प्रसिद्ध सेल लाइन तयार झाली. तेव्हा बसायची जागा स्वतःच बनवावी लागायची, म्हणून ती पाककृतीतच लिहिलेली असे. आज ती पाकिटात तयार येते, म्हणून नोंदवहीत येत नाही. आमच्याकडे आता पेशीचा पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट आणि त्याखाली प्लेटचा कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि कोटिंगची तारीख, एवढं लिहिल्याशिवाय प्लेट रीडरची वेळ मिळत नाही. पॅसेज क्रमांक उगाच नाही: एलएनकॅप फार पुढच्या पॅसेजला गेली की तिचं अँड्रोजनवरचं अवलंबून राहणं कमी होतं, आणि ते तळाचं कारण समजून बसाल.

त्या प्रक्रिया न केलेल्या प्लेट्स आम्ही परत केल्या नाहीत. पेशी तळाला चिकटू नयेत असंच जिथे हवं असतं, पेशींचे गोळे करायला, तिथे तळावर आगारोजचा थर देऊन वापरतो. वेगळ्या कप्प्यात, पेटीसकट. ज्युनिअरने पेटीवर जाड मार्करने मोठं लिहून ठेवलंय: अळू.